एकच एलपी (लाँग प्ले तबकडी) ठेवायची तर कुठली? किशोरीताईंचा भूप, खाँसाहेबांचा मारवा की आणखी काही?

गिरगाव_कट्टा
पावसाळा तोंडावर आलाय, कपाटं आवरायची वेळ. त्यानिमित्त हा धागा. नियम तीनच. हिंदुस्थानी रागसंगीत हवं. तबकडीवर निघालेलं ध्वनिमुद्रण हवं, कुणाच्या तरी काकांकडची मैफलीची टेप चालणार नाही. आणि कारण देताना 'स्वर्गीय', 'अंगावर काटा', 'शब्दच नाहीत' हे तिन्ही बाद. गाण्यात नेमकं काय होतं ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. किशोरी आमोणकर, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. 'प्रथम सुर साधे' आणि पाठोपाठ 'सहेला रे'. भूपात सूर पाचच: सा रे ग प ध. तेच पाच देसकारात. फरक सगळा वजनाचा. भूपाचा वादी (मुख्य सूर) गंधार, देसकाराचा धैवत. धैवतावर जरा जास्त रेंगाळलात की देसकार दारात उभा, आणि अवरोहात सा-ध किंवा प-ग या मींडेत (सुरावरून सुरावर घसरत जाताना) निषाद-मध्यमाचा कण लागला की शुद्ध कल्याण आत शिरला. ताई या दोन्ही भिंतींच्या मधून चालतात. धैवत लागतो, पण तिथे मुक्काम नाही, लगेच पंचमावरून गंधाराकडे उतार. प्रत्येक आवर्तनाला (तालाच्या फेऱ्याला) मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडण्याआधी गंधार कुठल्या बाजूने येतो तेवढंच लक्ष देऊन ऐका. खालून रिषभावरून येतो तो एक, वरून पंचमावरून येतो तो दुसरा. दोन्ही गंधार एकाच उंचीचे, तरी रंग वेगळा.

झुमरा_१४
भूप मान्य. पण एकच ठेवायची तर उस्ताद अमीर खाँ, मारवा आणि दरबारी. चर्चा संपली.

संपली म्हटल्यावर लोक भांडतात, म्हणून कारण देतो. मारव्यात कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. पण खरी गंमत षड्जाची. हा राग षड्जाला टाळत टाळत जातो. रिषभ आणि धैवत हे दोन खांब, त्यांच्यावर सगळा भार. कान घरी जायची वाट बघतो आणि गवई घर दाखवून पुन्हा बाहेर नेतो. 'पिया मोरे अनत देस' हे विलंबित, म्हणजे संथ, झुमरा तालात, मात्रा १४, आणि तेही अतिविलंबित. एका मात्रेला चार सेकंद धरले तर एक आवर्तन ५६ सेकंदांचं. वीस मिनिटांत अशी जेमतेम एकवीस आवर्तनं बसतात, आणि पुढे द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, 'गुरु बिन ग्यान न पावे' यायचं असतं. एवढ्या तुटपुंज्या जागेत खाँसाहेब मंद्रात (खालच्या सप्तकात) किती वेळ काढतात बघा. दुसरा कुणी 'एलपी आहे, लवकर तार सप्तकात जाऊ' म्हणाला असता.

आणि तेच सूर पूरियात गंधार-निषादाला मान देऊन मांडले की राग बदलतो, वरच्या सप्तकात खेळवले की सोहनी. कट्टेकरांनी भूप-देसकार सांगितलं, त्याची ही सख्खी चुलत भावंडं.

पारलेकरीण
दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. एलपी म्हणजे रागाचा पासपोर्ट फोटो. चेहरा ओळखू येतो, माणूस कळत नाही.

एका बाजूला २० ते २५ मिनिटं. जास्त भरायला गेलं की खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी उतरवावी लागते, आणि पातळी उतरली की खरखर वर येते. म्हणून बडा ख्याल (संथ लयीतला मोठा भाग) कापला जातो. ज्यांचं गाणं तापायलाच पाऊण तास लागतो त्यांच्यावर यात अन्याय. सगळ्यात मोठा अन्याय भीमसेनजींवर. त्यांची पूरिया, तोडी, शुद्ध कल्याण तबकडीवर आहेत, सुरेखच आहेत, पण त्या माणसाचा श्वास आणि सभागृह यांच्यात जी रस्सीखेच चालायची ती स्टुडिओत कुठून येणार?

त्यांचं तबकडीच्या मापाचं काम ऐकायचं तर अभंग. 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल': शब्द नामदेवांचे, चाल राम फाटकांची. तीन-चार मिनिटांच्या चौकटीत ख्यालियाचा दमसास कसा वापरायचा याचा तो धडा आहे. तान येते, पण 'विठ्ठल' हा शब्द मोडत नाही.

गिरगाव_कट्टा
पारलेकरताई, नियम क्रमांक एक. रागसंगीत.

पारलेकरीण
मग नियम बदला. मुद्दा एवढाच की माध्यमाची लांबी आणि गाण्याचा जीव यांचं माप जुळलं पाहिजे. अभंगात जुळतं.

मध्यलय
माप जुळण्याचीच गोष्ट आहे तर कुमारजींचं, कुमार गंधर्वांचं, नाव अजून कुणी कसं घेतलं नाही?

क्षयातून उठल्यावर त्यांची गायकी लांब दमाच्या आलापीची राहिली नाही. छोटे, टोकदार, मध्येच सोडून दिल्यासारखे वाटणारे स्वरसमूह, मध्यलयीतली बंदिश, आणि बंदिशीतच रागाचा सगळा ऐवज. अशा गाण्याला बावीस मिनिटं म्हणजे ऐसपैस बंगला. मधसुरजा, अहिमोहिनी, लगनगंधार, सहेली तोडी हे त्यांचे राग ऐकताना 'अरे, इथे कापलं' असं वाटतच नाही. १९६५ साली 'मौज'ने काढलेलं 'अनूपरागविलास' शेजारी उघडून बसलं तर बंदिशीचा कागदावरचा आराखडा आणि गळ्यातलं रूप ताडून बघता येतं. नोटेशनमध्ये जो सूर साधा लिहिलाय तो गाताना किती वेळा नुसता स्पर्श करून सोडलाय, ते मोजा.

निर्गुणी भजनांची तबकडी तर बोलूनचालून आदर्श. दोन तंबोरे इतके तंतोतंत लागलेले असतात की आवाज थांबला तरी स्वर चालू राहतो. गाण्यातल्या मोकळ्या जागा तंबोऱ्याने भरायच्या हे तिथे ठरवून केलंय.

झुमरा_१४
भजनं? पुन्हा नियम क्रमांक एक.

मध्यलय
राग सोडून दुसरं पान नाही का तुमच्या पुस्तकात?

काडीपेटी
सगळे गवईच का? 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. शिवकुमार शर्मा संतूर, हरिप्रसाद चौरसिया बासरी, ब्रिजभूषण काबरा गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळी अहिर भैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. जगात सगळ्यात जास्त कानांनी ऐकलेली हिंदुस्थानी तबकडी कुठली विचारलं तर उत्तरांत हिचं नाव येणारच.

(काडी टाकली, पळतो.)

झुमरा_१४
झालं. आता धाग्याचं काश्मीर होणार.

पारलेकरीण
इथे तर शब्दशः.

मध्यलय
काडीपेटींना गंभीर उत्तर देतो, कारण प्रश्न चुकीचा नाही. तबकडी म्हणून ती फार हुशारीने बांधली आहे. ती काढणारे जी. एन. जोशी एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत होते, तबकडीवर काय चालतं आणि काय नाही याची त्यांना नस माहीत होती. एक राग वीस मिनिटं फुलवण्याऐवजी पाच तुकडे आणि मध्ये कथा. काबरांची गिटार मांडीवर आडवी ठेवून धातूच्या दांडीने मींड काढणारी, म्हणून संतूरच्या टिपेटिपेच्या आवाजाला तिची ओढ पूरक पडते. संतूरमध्ये मींड नाही, बासरीत फुंकर आहे पण ठोका नाही, गिटारीत दोन्ही थोडं थोडं. म्हणून तिघांची भांडणं होत नाहीत.

पण भूप ऐकायचा म्हणून ती लावाल तर वाद्यं एकमेकांना जागा देण्यात वेळ घालवतात, रागाला मागच्या बाकावर बसावं लागतं. कट्टेकरांच्या भूपाशेजारी तो भूप ठेवून बघा.

तबकडी_गुरुजी
गाण्यावर भांडून झालं असेल तर एक तांत्रिक गोष्ट सांगतो. कारण तुमच्यापैकी निम्मे लोक ज्याला 'द्रुत जरा कर्कश झालंय' म्हणतात, तो गवयाचा दोष नाही, भूमितीचा आहे.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. फेरे तेवढेच, पण बाहेरच्या खाचेचा घेर मोठा आणि आतल्याचा लहान. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ पोचेपर्यंत २१ सेंटिमीटर. म्हणजे तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. उंच आवाजाची वळणं इतकी बारीक होतात की गोल टोकाची सुई त्यात नीट बसत नाही, भिंतींवर घासत जाते. स, श, च फाटतात. गाण्यातला 'आ'कार चिरका येतो.

आता ख्यालाची मांडणी बघा. बडा ख्याल बाहेर, द्रुत आणि ताना आत. सगळ्यात जास्त तपशील असलेलं गाणं सगळ्यात वाईट जागेवर. झिजलेल्या प्रतीत 'सहेला रे' फाटतं आणि 'प्रथम सुर साधे' ठणठणीत असतं, त्याचं कारण हे. पाश्चात्त्य सिंफनीवाल्यांचंही दुखणं हेच, शेवटचा गडगडाट लेबलापाशीच येतो.

उपाय तीन. एक, कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या डबीची) बैठक. कागदी आलेखपट्टी स्पिंडलला (मधल्या खुंटीला) अडकवायची, सुई दोन्ही खुणांवर ठेवायची आणि कार्ट्रिजची बाजू रेषेला समांतर येईपर्यंत दोन स्क्रू सैल करून सरकवायची. एक मिलिमीटर चुकला तरी आतल्या खाचांत ऐकू येतो. दोन, गोल टोकाऐवजी लंबगोल टोकाची सुई. तीन, भार. कार्ट्रिजवाल्याने १.८ ते २.२ ग्रॅम सांगितलं असेल तर २ वर ठेवा, पावणेदोनखाली जाऊन 'रेकॉर्डला जपतोय' असं समजू नका. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती जास्त खरवडते. सोनाराच्या वजनकाट्यासारखा छोटा डिजिटल काटा मिळतो, त्यावर मोजा. टोनआर्मवरच्या (सुईच्या दांड्यावरच्या) आकड्यांवर विश्वास नको.

आणि रेकॉर्ड आधीच कुणी झिजवलेली असेल तर यातलं काहीही करून उपयोग नाही.

नवशिक्या_डोंबिवली
गुरुजी, फिएस्टावर (एचएमव्हीच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर) एलपी वाजवल्या तर चालतील का? घरात जुना चालू स्थितीतला आहे. आणि त्याबरोबर काही जड काळ्या रेकॉर्ड आहेत, त्या स्पिरिटने पुसू का?

तबकडी_गुरुजी
थांबा! स्पिरिट खाली ठेवा.

जड, ठणकन वाजणाऱ्या, पडल्या तर बशीसारख्या फुटणाऱ्या त्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. त्या लाखेच्या असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश करणाऱ्या कुणालाही विचारा. आयसोप्रोपिल असो की स्पिरिट, एकदा फिरवलं की खाच गेली, चकाकी जाऊन राखाडी पट्टा उरतो आणि तो परत येत नाही. लाखेला फक्त डिस्टिल्ड वॉटर, एक लिटरला भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच मऊ कापडाने टिपून उभी वाळवायची. भिजत घालायची नाही. लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत बसतात, तेच पुढे 'टिक टिक' वाजतात.

फिएस्टात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याचा भार बहुतेक ४ ते ६ ग्रॅम. आजच्या मॅग्नेटिकच्या दुपटी-तिपटीने. एखाददा वाजवलं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण जपायची प्रत त्यावर रोज लावू नका. मोठी भीती वेगळीच. अशा कार्ट्रिजला सुईची एक छोटी कळ असते. एका बाजूला ७८ची सुई, फिरवली की एलपीची. ७८च्या सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं, एलपीचं १८ ते २५. ७८च्या बाजूने एलपी वाजवली की जाड टोक अरुंद खाचेच्या वरच्या कडा फोडत जातं. उलट केलं, एलपीच्या सुईने ७८ वाजवली, तर बारीक टोक खाचेच्या तळाला लोळतं, तिथे साठलेली धूळ वाजते आणि गाणं मागे राहतं. आधी कळ बघा, मग सुई ठेवा.

मटण_स्ट्रीट
गुरुजींच्या शेवटच्या वाक्याला पुरवणी: झिजलेली प्रत घ्यायचीच नाही. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर रेकॉर्ड बघताना पाकिटाच्या प्रेमात पडू नका. तबकडी बाहेर काढा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. चांगली प्रत काळीभोर आणि ओलसर चमकते. सिरॅमिकने खाल्लेली प्रत राखाडी दिसते, विशेषतः लेबलाजवळच्या शेवटच्या बोटभर रुंदीत. म्हणजे नेमकं द्रुत गेलेलं. वरवरचे बारीक केसासारखे ओरखडे दिसायला वाईट, वाजायला निरुपद्रवी. नखाला लागतो तो ओरखडा मात्र वाजणार.

मधल्या भोकाभोवती लेबलवर रेघोट्यांचं जाळं असेल तर ती रेकॉर्ड शेकडो वेळा आंधळेपणाने स्पिंडलवर शोधत बसवली आहे. पुष्कळ वाजलेली प्रत, मग तिला कोणी कितीही 'घरगुती वापर' म्हणो.

पाकीट एकाचं, आत दुसरीच, हे नेहमीचं. पाकिटावरचा क्रमांक आणि लेबलवरचा क्रमांक जुळवा. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर ईएएलपी, ईसीएलपी अशी अक्षरं असली तर साधारणपणे मोनो, ईएएसडी, ईसीएसडी असली तर स्टिरिओ.

आणि शुक्रवारी जाऊ नका. म्हणजे जा, पण पहाटेच्या रस्त्यावरच्या बाजाराला. नेहमीची दुकानं त्या दिवशी बंद.

पारलेकरीण
काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं तेव्हापासून 'ऐकून मग घ्या' हा प्रकारच शहरातून गेला, नाही तर या टॉर्चची एवढी गरज पडली नसती.

खर्ज
मोनोचा विषय निघालाच आहे तर: मोनो एलपी स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवत असाल तर अँप्लिफायरवर मोनोचं बटण दाबा. मोनो खाच फक्त आडवी हलते. धुळीने आणि झिजेने होणारी उभी हालचाल स्टिरिओ सुई पकडते आणि दोन्ही बाजूंना उलटी पाठवते. दोन्ही बाजू एकत्र केल्या की ती एकमेकींना मारते. फुकटात खरखर उतरते. बटण नसेल तर संगणकावर दोन्ही ट्रॅक मिसळून घ्या.

मला मात्र या यादीत एलपीच्या आधीचं काहीच नाही याचं वाईट वाटतं. तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८वर लोकांनी जे केलंय त्यापुढे बावीस मिनिटं ही चैन आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' किंवा भैरवीतली 'जमुना के तीर' घ्या. प्रस्तावना नाही, आलापाचा पसारा नाही, पहिल्याच षड्जात राग, भाव आणि वेळ तिन्ही ठरतात. केसरबाई केरकरांची भैरवी 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची, १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीतून अंतराळात गेली. जयपूर घराण्याचा एवढा मोठा प्रपंच, आणि अल्लादिया खाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. उरलंय ते शिष्यांच्या गळ्यातून.

झुमरा_१४
खर्जराव, ७८वर अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज इतका चढा, जवळजवळ बायकी वाटतो. तो खरंच तसा होता की रेकॉर्ड पळवल्या आहेत?

खर्ज
चढा होता हे खरं. पण किती, हे तुमचं यंत्र ठरवतं. गणित सोपं आहे: वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. ७८च्या जागी ८२.६ फेरे झाले की पेटीवरच्या काळी तीन पट्टीचा माणूस पांढरी पाचचा होतो, आणि तीन मिनिटांचं गाणं दहा सेकंदांनी लवकर संपतं. लय चढते, तान जास्त दाणेदार वाटते, आवाज कोवळा होतो. लोक म्हणतात 'काय तयारी!' अर्धी तयारी मोटारीची असते.

त्यातून जुन्या काळी सगळ्या '७८' नेमक्या ७८वर कापलेल्या नसत. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या. पहिली, तुमचं यंत्र. स्ट्रोबची (वेग तपासायची, रेघांची) चकती छापून घ्या. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेघा, ७८ साठी ७७. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, पुढे सरकल्या तर यंत्र पळतंय. ही तपासणी जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली करा. चांगल्या एलईडीखाली रेघा नुसत्या धूसर दिसतील, कारण तो दिवा सेकंदाला शंभर वेळा मिचकत नाही.

दुसरी, रेकॉर्ड स्वतः. इथे नुसत्या कानावर जायला लागतं. एकाच गायकाच्या एकाच सुमाराच्या आठ-दहा तबकड्यांची पट्टी नोंदवा. सात जर काळी चारच्या आसपास असतील आणि एकच पांढरी सहा ओलांडून गेली असेल, तर संशय तिच्यावर. पण उतारवयात पट्टी खाली येते, तेव्हा वीस वर्षांच्या अंतराच्या रेकॉर्ड एकमेकांविरुद्ध साक्षीला उभ्या करू नका.

इंटरनेटवरच्या प्रतींचं तर विचारूच नका. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, प्रत्येक डेकचा वेग वेगळा. एकच गाणं दोन ठिकाणी अर्ध्या स्वराच्या फरकाने सापडतं आणि खाली दोन्हीकडे लोक 'काय सूर लागलाय' लिहून गेलेले.

मध्यलय
वेगापेक्षा मोठा गुन्हा खरखर काढण्याच्या नावाखाली होतो. सॉफ्टवेअरला खरखर आणि तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकार) यांतला फरक कळत नाही. दोन्ही सततचे, दोन्हीत वरचे स्वरांश. खरखर गेली की जवारी पण गेली, आणि गवई पोकळीत गायला बसल्यासारखा वाटतो. मारव्याची अशी साफ केलेली प्रत ऐकून बघा. या रागात तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला लावताच येत नाही, निषादाला किंवा धैवताला लावतात. सगळा अधांतरीपणा त्या तारेतून येतो. ती तारच पुसली तर उरलं काय?

तबकडी_गुरुजी
बरोबर. संगणकावर घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झला घ्या, सर्वांत मोठा आवाज शून्याच्या सहा डेसिबल खाली ठेवा, आणि मूळ फाइल तशीच राखा. ४५ मिनिटांच्या एलपीची फाइल दीड जीबीच्या आसपास होते, फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) ठेवली की बरीच कमी. टिकटिक हाताने काढा, एकेक. तासभर जातो, पण तंबोरा वाचतो. सबंध बाजूवर खरखरनाशक फिरवायचं असेल तर ते कमीत कमी ठेवा आणि 'फक्त काढलेला आवाज ऐकवा' हा पर्याय लावून तपासा. त्यात गाणं किंवा तंबोऱ्याची गुणगुण ऐकू आली की हात मागे घ्या.

कॅसेटवाल्यांसाठी: आवाज दबका येत असेल तर आधी कॅसेटच्या तोंडाशी फेल्टची गादी आहे का बघा, डिंक सुकून ती पडते. असेल तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू तंबोऱ्याचा झणकार सगळ्यात उजळ येईपर्यंत किंचित फिरवा, पाव फेऱ्याहून जास्त नाही. आधीची जागा पेनाने खूण करून ठेवा, नाही तर दुसऱ्या कॅसेटला परत कुठे आणायचा ते कळणार नाही.

काडीपेटी
परत आलो. 'कट्यार काळजात घुसली'ची तबकडी चालेल का? १९६७ चंच नाटक, अभिषेकीबुवांच्या चाली, वसंतरावांचा खाँसाहेब. रागसंगीत नाही असं कोण म्हणतो बघू.

पारलेकरीण
'घेई छंद मकरंद'ची दोन रूपं आहेत, नाटकातल्या पंडितजींचं संथ आणि खाँसाहेबांचं चपळ. शब्द तेच, घराणी दोन. घराणं म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून छोटा धडा नाही. माझं मत काडीपेटींना. कट्टेकर, हे पद चालणार नसेल तर मी धागा सोडते.

गिरगाव_कट्टा
चालेल, चालेल. नियम एकला नाट्यपद आणि अभंग यांची सवलत. कॉल ऑफ द व्हॅली चौकशीअंती.

नवशिक्या_डोंबिवली
स्पिरिट कपाटात परत गेलं. कळही ७८च्याच बाजूला निघाली, वाचलो! आता पावसात ठेवायच्या कशा?

मटण_स्ट्रीट
उभ्या, पुस्तकासारख्या, ना घट्ट ना तिरक्या. आडवी चळत केली की खालच्यांची बशी होते, ७८ असेल तर तडा जातो. मऊ प्लास्टिकचं पीव्हीसी पाकीट तबकडीला चिकटून धुरकट डाग पाडतं, ते फेकून कागदी किंवा पातळ पॉलिथिनचं आतलं पाकीट घ्या. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, त्या भिंतीलाच ओल येते. सिलिका जेल ठेवा, निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं करा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर आधी धुवा, मग वाजवा. सुईने बुरशी खाचेत दाबली की ती तिथेच राहते. आणि पुठ्ठ्याच्या बाहेरच्या पाकिटाला वास येत असेल तर धुतलेली रेकॉर्ड त्यातच परत घालू नका.

झुमरा_१४
जूनमध्ये मुंबईत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास. मारव्याची वेळ तीच. सातला पाच कमी असताना सुई ठेवली की द्रुत संपेपर्यंत बाहेर उजेड मावळत आलेला असतो, मग उठून बाजू बदलायची.

पारलेकरीण
दुसऱ्या बाजूला दरबारी आहे, झुमराभाऊ. ती मध्यरात्रीची. पाच तास काय करणार?

झुमरा_१४
सुई साफ.

काडीपेटी
आणि तेवढ्यात पाऊस आला तर?

गिरगाव_कट्टा
मल्हारांचा वेगळा धागा काढा. इथे नको.